माझे, खाण आणि सुरुंग

इंग्रजीतील ‘माइन’ हा शब्द शाळकरी मुलासही ठाऊक असतो. ‘माझे’ हा त्याचा एक अर्थ व ‘खाण’ हा दुसरा. उच्चार एक असला तरी मुळात हे दोन निरनिराळे शब्द होत. सर्वनाम जर्मानिक कुळातले. नाम फ्रेंचांकडून आलेले व बहुधा त्याहूनही जुन्या केल्टिक भाषेतले. तिसरा अर्थ ह्या नामापासूनच निघाला. वेढा घालणारे सैन्य तटाखाली खाणीसारखे भुयार खणी, पुढे त्यात दारू ठासण्यात येऊ लागली, आणि भुयाराचे नाव स्फोटकास चिकटले. आपल्या ‘सुरुंगा’चा प्रवासही असाच. लाक्षागृहातून पांडव निसटले ते सुरुंगेतूनच. आज मात्र ह्या शब्दाने प्रथम आठवतो तो धडाका.

हे तिन्ही अर्थ एकत्र भेटतात ते गडचिरोली जिल्ह्यात. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे. 2007 साली तेथील सुमारे 348 हेक्टर क्षेत्र लॉइड्स मेटल्स ह्या कंपनीस खाणपट्ट्याने देण्यात आले. त्याच डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव असून जानेवारीत त्याची यात्रा भरते. डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी येथे 70 हून अधिक वाहने जाळली; 1 मे 2019 रोजी ह्याच जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ त्यांच्या भूसुरुंगाने 15 पोलीस व एक वाहनचालक ठार झाले. तिसऱ्या अर्थाविषयी ह्याहून अधिक लिहवत नाही.

खरा गुंता पहिल्या दोन अर्थांचा आहे. इंग्लंडात 1568 साली न्यायाधीशांनी ठरविले की, सोन्यारुप्याच्या खाणी राणीच्या; इतर धातूंच्या, त्यांत सोनेरुपे नसेल तर, जमीनमालकाच्या. तेथील जमीनदार लोखंडाच्या खाणीस दोन्ही अर्थांनी ‘माइन’ म्हणू शके! आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिज राज्य शासनाचे. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासीयांस बांबू, तेंदूपाने इत्यादी गौण वनोपजांची मालकी दिली. खनिज त्यात नाही. टेंभुर्णीचे पान गावाचे आणि तिच्या मुळाखालचा दगड सरकारचा, अशी ही वाटणी.

मराठीत ‘आमचे’ आणि ‘आपले’ असा जो सूक्ष्म भेद आहे, तो इंग्रजीस एका शब्दात साधत नाही. माडियांचा डोंगर ‘आमचा’. शासनाच्या हिशेबी तो ‘आपला’, म्हणजे साऱ्यांचा. मग देवाच्या जागेचे काय? ओडिशातील नियमगिरीसंबंधी 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांवर सोपविला, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला.