जुन्या वेषातील नवा कॅमेरा

आपल्या घराघरांतील स्नानसंस्काराची व विवाहाची जुनी छायाचित्रे ज्या कॅमेऱ्यांनी टिपली, त्यांच्या एका रोलवर जेमतेम ३६ चित्रे मावत. प्रत्येक चित्रानंतर अंगठ्याने दांडी ओढून फिल्म पुढे सरकवावी लागे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मविना चालणारा डिजिटल कॅमेरा घडविला आणि कालांतराने फिल्मचे राज्य ओसरले.

जुन्या रूपाची ओढ मात्र ओसरली नाही. २००४ साली जपानच्या एप्सन कंपनीने आर-डी१ हा डिजिटल कॅमेरा आणला. त्यात फिल्म नव्हती. तरीही शटर सज्ज करण्यासाठी दांडी ओढावीच लागे, आणि उरलेल्या चित्रांची संख्या घड्याळासारखा काटा दाखवी! पुढे २०११ साली फुजीफिल्मचा एक्स१००, तर २०१३ साली निकॉनचा डीएफ आला.

यांचे आकर्षण खोटे नव्हे. चकतीवरील आकडे कॅमेरा बंद असतानाही दिसतात; हातांना काम मिळते. पण उणिवाही आहेत. एक्स१०० ची लेन्स बदलता येत नाही आणि आरंभी तिचा फोकस मंद होता. डीएफच्या चकत्या कुलूपबंद. चलचित्रणाची सोय तर मुळीच नाही.

शुभवर्तमानातील जुन्या बुधल्यांचा दाखला येथे आम्हांला आठवतो. ३६ चित्रांनी लावलेला संयम बाह्य रूपासोबत परत येत नाही. तो आपला आपणच पाळावा लागतो.