पारसनीस : आडनाव की हुद्दा?

मंडळी, गावच्या शाळेत नवे गुरुजी आले आणि त्यांचं आडनाव पारसनीस निघालं, की पारावर तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं, यांच्या पूर्वजांजवळ परीस असेल. कुणी विचारतं, हे मूळचे पारशी तर नव्हेत? पण आडनावाचा माग काढायचा, तर कानावर पडणाऱ्या आवाजावर भिस्त ठेवून भागत नाही.

आपण शब्दाचे दोन तुकडे करू या. शेवटचा 'नीस' चांगल्या ओळखीचा आहे. चिटणीस, पोतनीस, कारखानीस, जमेनीस ही त्याचीच भावंडं. हा 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', अर्थात लिहिणारा. मग 'पारस' कोण? तर फारसी भाषा! फारसीनवीस, पारसनवीस, पारसनीस अशी बोलता बोलता शब्दाची झीज झाली. आता 'फ'चा 'प' कसा झाला, असं कुणी विचारील. तर फारसीतला 'फोता' म्हणजे खजिना. त्यावरूनच आपले पोतदार आणि पोतनीस आले. एका शब्दातला बदल दुसऱ्यातही दिसला, म्हणजे तर्काला आधार मिळतो. पारशी हे नावही इराणातल्या पार्स प्रांतावरूनच पडलं. तेव्हा नातं आहे ते शब्दाचं, रक्ताचं नव्हे.

आता हा फारसी लिहिणारा मराठी मुलखात कशाला हवा होता? निजामशाही आणि आदिलशाहीत दरबारचे हुकूम फारसीत निघत. १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण दिल्लीच्या बादशहाशी किंवा हैदराबादच्या निजामाशी पत्रव्यवहार करायचा, तर फारसीवाचून गत्यंतर नव्हतं. ती पत्रं वाचायची, त्यांना उत्तरं लिहायची, हे काम पारसनिसाचं. एक शब्द चुकला तर तहाचा अर्थ फिरायचा!

असं काम बापाकडून मुलाकडे जाई आणि हळूहळू हुद्दाच आडनाव होऊन बसे. नाना फडणीस (१७४२–१८००) यांचं मूळ आडनाव भानू. फडणिशी घराण्यात आली आणि भानू हे नाव मागे पडलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फारसी पत्रांचं कामही सरलं. आडनाव मात्र राहिलं. पुढे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी जुनी कागदपत्रं गोळा करण्यात जन्म घालवला. लेखणीचं आडनाव लेखणीशी इमानी राहिलं म्हणा ना!

यातून ध्यानात घ्यायचं ते एवढंच. हुद्दे अनेक दरबारांत होते आणि ते निरनिराळ्या घराण्यांकडे गेले. चिटणीस कायस्थ प्रभूंत आहेत, तसे ब्राह्मणांतही आहेत. म्हणून आडनाव ऐकून कुणाची जात, कुळ किंवा मोठेपणा ठरवू नये. आडनाव सांगतं ते पूर्वजानं केलेलं काम. तो कोणाच्या पोटी जन्मला, ते नाही.

गुरुजनहो, आपल्या शाळेच्या पटावरही अशी आडनावं असतील. मुलांना त्यांतले शब्द फोडायला सांगा. घरी जुनी खतं, सनदा असतील तर त्या मोडी जाणणाऱ्याला दाखवायला सांगा. आणि त्या कागदांना वाळवी लागण्याआधी हे व्हावं, बरं का!