अनुमानाच्या साखळ्या : सुडोकूच्या हस्तसोडवणुकीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सुडोकू या अंककोड्याकडे विद्याक्षेत्रात सहसा करमणुकीपलीकडे पाहिले जात नाही. तथापि २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अत्यंत कठीण सुडोकू केवळ कागद व पेन्सिल घेऊन सोडविण्याची जी पद्धती आकारास आली, तिच्यात तर्कशास्त्राच्या दृष्टीने एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट गृहीत धरून पुढे जाणे म्हणजे अंदाज बांधणे की सिद्धता देणे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात साखळी-पद्धतीच्या उदयाच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

प्रत्येक ओळीत व प्रत्येक रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे अशा मांडणीस लॅटिन चौरस म्हणतात. ऑयलर या गणितज्ञाने १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा चौरसांच्या जोड्यांविषयी एक अटकळ मांडली. ती १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे व अर्नेस्ट पार्कर यांनी खोटी ठरविली. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिलेल्या श्रीखंडे यांचे नाव या परंपरेत आहे, ही बाब मराठी अभ्यासकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. सुडोकू म्हणजे नऊ चिन्हांचा लॅटिन चौरस आणि त्यावर तीन बाय तीनच्या नऊ खंडांची अधिकची अट. या स्वरूपातील कोडे अमेरिकन वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स यांनी रचले व ते १९७९ मध्ये डेल प्रकाशनाच्या मासिकात छापले गेले. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या संस्थेने ते उचलले व त्याला सुडोकू हे नाव मिळाले.

निकोलीची कोडी हाताने रचलेली असत. १९८६ पासून दिलेले अंक ३२ पेक्षा अधिक नसावेत व त्यांची मांडणी सममित असावी, असे दंडक तेथे पाळले जाऊ लागले. हाताने रचणारा माणूस सोडविणाऱ्याची वाट मनाशी धरूनच अंक पेरतो. वेन गूल्ड या हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीशांनी मात्र सहा वर्षे खपून कोडी निर्माण करणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचे कोडे झळकले. पुढील वर्षभरात हे वेड जगभर पसरले. संगणकाला उत्तर एकमेव आहे एवढे पडताळले की पुरते. माणसाला तेथवर पोहोचता येईल की नाही, याची चिंता त्याला मुळात नसते. हस्तसोडवणुकीचे प्रगत शास्त्र जन्मास आले ते यंत्राने निर्माण केलेल्या या अडचणीतून, असे माझे मत आहे.

साखळीची रचना

साध्या पद्धती संपल्या की प्रत्येक रिकाम्या घरात संभाव्य अंक बारीक अक्षरात लिहिले जातात. त्यांच्यात दोन प्रकारचे संबंध आढळतात. एखाद्या ओळीत ५ हा अंक दोनच घरांत संभवत असेल, तर एकात तो नसल्यास दुसऱ्यात असलाच पाहिजे. हा दृढ दुवा. एकाच ओळीतील कोणत्याही दोन घरांत ५ एकाच वेळी असू शकत नाही; हा शिथिल दुवा. दृढ व शिथिल दुवे आलटून-पालटून गुंफले की साखळी तयार होते.

उदाहरणार्थ, चार घरे घेऊ. त्यांत अनुक्रमे ५-२, २-८, ८-६ आणि ६-५ एवढेच अंक शक्य आहेत व लगतची प्रत्येक जोडी एका ओळीत, रकान्यात किंवा खंडात आहे. पहिल्या घरात ५ नसेल तर तेथे २ येतो; म्हणून दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ६ आणि चौथ्यात ५. म्हणजेच दोन टोकांपैकी निदान एका ठिकाणी ५ निश्चित आहे. कोठे आहे ते अद्याप ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. जे घर या दोन्ही टोकांच्या कक्षेत येते, त्यातून ५ बाद होतो.

अंदाज की सिद्धता

हा शेवटी अंदाजच नव्हे काय, असा आक्षेप साखळीवर घेतला गेला. आक्षेपात तथ्य नाही असे नाही, कारण ‘पहिल्या घरात ५ नसेल तर’ असेच आपण म्हणतो. परंतु वरील साखळी चौथ्या घरापासून उलट वाचून पाहावी. चौथ्यात ५ नसेल तर ६, म्हणून तिसऱ्यात ८, दुसऱ्यात २ आणि पहिल्यात ५. निष्कर्ष तोच. अंदाजाला दिशा असते. तो एका बाजूने सुरू होतो व फसला तर मागे यावे लागते. साखळीला दिशा नसते. गृहीतकाला अनेक फाटे फुटून त्यांचे जाळे झाले की ही उलटसुलट वाचण्याची सोय सहसा उरत नाही. सीमारेषा आखायचीच झाली तर ती येथे आखावी, असे मला वाटते.

आपल्याकडील प्रमाणचर्चेत याचे साम्य आढळते. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, हे अर्थापत्तीचे प्रसिद्ध उदाहरण. हा दृढ दुवाच होय. मीमांसकांनी अर्थापत्तीस स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी तिचा समावेश अनुमानात केला. ‘असे मानले तर अनिष्ट प्रसंग ओढवेल’ या स्वरूपाच्या तर्काला मात्र न्यायदर्शनात प्रमाणाचा दर्जा नाही. तो प्रमाणाचा केवळ साहाय्यक.

२००७ मध्ये अँड्र्यू स्टुअर्ट व डेनिस बर्थिए यांचे सुडोकूच्या तर्कावरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि या पद्धतीस ग्रंथरूप प्राप्त झाले. तिला मर्यादाही आहेत. फिनलंडच्या आर्तो इन्काला यांनी रचलेली काही कोडी साध्या साखळ्यांना दाद देत नाहीत.

व्यवहारात तर प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सुटतो. २००८ ची जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात झाली व अमेरिकेचे थॉमस स्नायडर विजेते ठरले. अशा स्पर्धांत घड्याळाशी झुंज असते आणि स्पर्धक प्रसंगी सरळ अंदाजही करतात. आपण उत्तरपत्रिका तपासताना पायऱ्यांना गुण देतो. तेथे परीक्षक भरलेली ८१ घरे तेवढी पाहतात.