जुन्या ‘२००२’चे गिऱ्हाईक

डिसेंबर १९५९ मध्ये म्युनिच येथील भागधारकांच्या सभेत ज्या बीएमडब्ल्यू कारखान्याची मालकी डाइम्लर-बेंझच्या हाती जाता जाता राहिली, आणि ज्यात पुढे हेर्बर्ट क्वांट यांनी आपले द्रव्य गुंतविले, त्याच कारखान्याने १९६८ साली ‘२००२’ ही दोन दारांची, १९९० घनसेंटिमीटर इंजिनाची आटोपशीर मोटार बाजारात आणून, वेगाचे सुख ही केवळ धनाढ्यांची मिरास होय, हा समज मोडीत काढला. आयातदार मॅक्स हॉफमन यांच्यामार्फत ती अमेरिकेत पोहोचली. पुढे १९७५ साली ‘३ सिरीज’ने तिची जागा घेतल्यावर ती बेताच्या मिळकतीच्या रसिकांच्या आवाक्यात उतरली, आणि तिची कीर्ती जतन केली ती, माझ्या मते, या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांनीच. इंजिन दणकट, परंतु पत्रा गंजाला सत्वर वश होणारा. म्हणून जाणते गिऱ्हाईक रंगाच्या झळाळीला न भुलता, दारांखालच्या पट्ट्यांवरून लोहचुंबक फिरवून, जेथे तो चिकटेना तेथे आत लांबी भरली आहे हे ताडीत असे, आणि दुरुस्तीचे दप्तर नजरेखालून घातल्यावाचून विसार देत नसे.