संगणकाच्या स्मृतीतील भिंती

संगणकाची भाषा नव्याने शिकणारा चौकस विद्यार्थी एक प्रयोग हमखास करून पाहतो. एका आज्ञावलीत तो एक संख्या ठेवतो, समजा ४२. आणि यंत्राच्या स्मृतीत ती ज्या जागी ठेवली गेली त्या जागेचा क्रमांक पडद्यावर छापून घेतो. मग दुसरी आज्ञावली लिहून तिला सांगतो की, ह्या क्रमांकाच्या जागी जा आणि तेथे काय आहे ते वाचून दाखव. अपेक्षा अर्थातच ४२ची. हाती येते ती भलतीच काही तरी संख्या. पुष्कळदा तर दुसरी आज्ञावली जागच्या जागी बंद पडते. यंत्र तेच, क्रमांक तोच, आणि घर मात्र सापडत नाही. असे का व्हावे?

श्रोतेहो, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. विषय यंत्राचा आहे म्हणून तो आपला नव्हे असे कोणी समजू नये. बँकेचा व्यवहार आणि खाजगी पत्र एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उघडी असतात, आणि एकाने दुसऱ्यात डोकावू नये ह्यासाठी मध्ये जी भिंत आहे तिचाच हा इतिहास आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक प्रचंड रांग. आज्ञावली कधी खणातील वस्तू हाती धरते, तर कधी नुसता खणाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. ह्या चिठ्ठीला पॉइंटर म्हणतात. हॅरॉल्ड लॉसन ह्यांनी १९६४ च्या सुमारास पीएल-वन ह्या भाषेत तिला प्रतिष्ठेचे स्थान दिले, आणि १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी घडविलेल्या सी भाषेने ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ठेवली. चिठ्ठी म्हणजे केवळ एक संख्या. तिच्यावर कोणाची सही नसते की शिक्का नसतो. वाटेल त्याने वाटेल ती संख्या लिहावी.

आरंभीच्या काळात ह्याचे कोणाला भय नव्हते. केंब्रिजचे एडसॅक १९४९ साली चालू झाले, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधील टीफ्रॅक १९६० साली. अशा यंत्रावर एका वेळी एकाच माणसाचे काम चाले. ते आटोपले की दुसऱ्याचे. वाड्यात एकच बिऱ्हाड असेल तर मधल्या भिंतींची गरज काय?

भिंत उभी राहिली ती काटकसरीतून. ही यंत्रे अतोनात महाग, आणि माणूस विचार करीत बसला की यंत्र रिकामे. तेव्हा एकच यंत्र अनेकांना क्षणाक्षणाने वाटून द्यावे, ही कल्पना १९५९ च्या सुमारास इंग्लंडात ख्रिस्टोफर स्ट्रेची आणि अमेरिकेत जॉन मॅकार्थी ह्यांनी मांडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कोर्बातो ह्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे पहिले प्रात्यक्षिक करून दाखविले. पुढे आयबीएम ७०९४ ह्या यंत्रावर ही पद्धती स्थिरावली तेव्हा त्यात मुद्दाम दोन फेरफार करून घेतले होते. एक म्हणजे ३२,७६८ शब्दांच्या दोन स्वतंत्र स्मृती: एकीत कारभारी आज्ञावली, दुसरीत लोकांच्या. दुसरे म्हणजे सीमा दाखविणारे खास खण. तुझी जागा इथपासून इथपर्यंत. त्यापलीकडचा क्रमांक उच्चारलास की यंत्र तुला थांबवील आणि कारभाऱ्याच्या स्वाधीन करील. कारभारी आणि भाडेकरू ह्यांची दालने सर्वस्वी वेगळी होती ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण शेवटी तिचे काम पडणार आहे.

भिंत घातली म्हणजे गुपिते राहतातच असे मात्र नव्हे. १९६६ च्या सुमारास ह्याच यंत्रावर एके दिवशी जो कोणी आत येई त्याच्या पुढ्यात सर्व लोकांच्या गुप्त परवलीच्या शब्दांची यादी छापून येऊ लागली! स्मृतीची भिंत शाबूत होती. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन लेख दुरुस्त करीत होते, एक रोजच्या सूचनेचा आणि दुसरा परवलीच्या शब्दांचा. दुरुस्तीच्या साधनाने दोघांच्या कच्च्या प्रतींना एकच नाव दिले, आणि सूचनेच्या जागी यादी जाऊन बसली. कोर्बातो ह्यांनी पुढे ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात ही हकीकत स्वतःच सांगितली.

आपल्या विद्यार्थ्याचे खरे उत्तर मात्र इंग्लंडातील मँचेस्टरला मिळते. तेथे टॉम किल्बर्न आणि त्यांचे सहकारी ॲटलस नावाचे यंत्र बांधीत होते. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. त्यांची अडचण निराळीच होती. जलद स्मृती महाग म्हणून थोडी, १६,३८४ शब्दांची. फिरत्या पिंपावरील मंद स्मृती स्वस्त म्हणून मोठी, ९८,३०४ शब्दांची. आपले सामान केव्हा पिंपावर ठेवावे व केव्हा जलद स्मृतीत आणावे ह्याची चिंता प्रत्येक आज्ञावलीकाराला करावी लागे. किल्बर्न ह्यांनी ठरविले की, त्याला दोन्ही मिळून एकच सलग स्मृती भासावी. त्यांनी स्मृतीची ५१२ शब्दांची एकेक अशी पाने पाडली. जलद स्मृतीत अशी ३२ पाने मावत. प्रत्येक पानास एक नोंद जोडली आणि सध्या तेथे आज्ञावलीचे कितवे पान आहे ते तीत लिहून ठेवले. आज्ञावलीने क्रमांक उच्चारला की यंत्र आधी ह्या नोंदी चाळणार, मग खरी जागा गाठणार. पान सापडले नाही तर काम थांबून कारभाऱ्याला हाक जाणार.

ह्यातून अर्थ असा निघाला की, चिठ्ठीवरचा क्रमांक हा खऱ्या खणाचा क्रमांकच उरला नाही. तो घरातल्या घरात चालणारा क्रमांक झाला. पुढील यंत्रांत प्रत्येक आज्ञावलीला नोंदींचे वेगळे कोष्टक मिळाले, तेव्हा माझी चार हजार क्रमांकाची खोली आणि तुमची चार हजार क्रमांकाची खोली ह्यांचा परस्परांशी काही संबंध राहिला नाही. आपल्या विद्यार्थ्याची चिठ्ठी दुसऱ्या घरात निरर्थक ठरते ती ह्यामुळे. मला ह्यात मौज वाटते ती अशी की, स्मृतीतील सर्वांत भक्कम भिंत गुप्ततेसाठी शोधली गेलीच नाही. जागेच्या टंचाईवर केलेल्या उपायातून ती निघाली.

पण मिळविलेले ज्ञान वापरात राहतेच असे नाही. इंटेलने १९७८ साली ८०८६ हा लहानसा प्रक्रियक आणला आणि १९८१ साली आयबीएमने त्याच्याच भावंडावर घरगुती संगणक काढला. त्यात भिंत नव्हती. एक माणूस, एक यंत्र, मग शेजारी कोण? कोणत्याही आज्ञावलीने दहा लाखांवर खणांपैकी कोणताही वाचावा, बदलावा. सोय मोठीच होती, आणि मोबदलाही मोठा द्यावा लागला. १९८६ साली लाहोरहून पसरलेला ब्रेन हा विषाणू स्मृतीच्या वरच्या टोकाला मुक्काम ठोकून बसे आणि तबकडी वाचण्याची प्रत्येक विनंती आपल्या हातून जाईल अशी तजवीज करी. त्याला अडविणारे तेथे कोणीच नव्हते. ८०२८६ ने १९८२ मध्ये आणि ८०३८६ ने १९८५ मध्ये भिंतीचे सामान पुरविले. पण ते वापरणारी विंडोज एनटी १९९३ मध्ये आली आणि सामान्य घरांत ती परंपरा २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबरच पोहोचली.

भिंतीला दारे मात्र मुद्दाम ठेवावी लागतात. बिघडलेली आज्ञावली तपासणाऱ्याला तिच्या पोटात पाहता आले पाहिजे. म्हणून युनिक्समध्ये १९७५ च्या आवृत्तीपासून पीट्रेस नावाची विनंती आहे. विंडोजमध्येही त्याच कामाची सोय आहे. चिठ्ठी घेऊन परस्पर जावयाचे नाही. कारभाऱ्याला सांगावयाचे, तो अधिकार पाहील आणि शेजाऱ्याच्या खणातील मजकूर उतरवून देईल. दार आहे, पण दारावर माणूस आहे.

आणि ह्या दारवानाला न विचारताच सर्व काही वाचता येते, असे जानेवारी २०१८ मध्ये जगाला कळले. गूगलच्या यान हॉर्न ह्यांनी, सायबेरस ह्या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी आणि ऑस्ट्रियातील ग्राझ येथील डॅनियल ग्रूस, मोरित्झ लिप व मिखाएल श्वार्त्झ ह्यांनी स्वतंत्रपणे हा दोष शोधला होता. त्याला मेल्टडाउन असे नाव पडले.

तो समजण्यासाठी आपल्या गावातील वाचनालय डोळ्यांपुढे आणा. ग्रंथपालाच्या कुलूपबंद वहीत एक आकडा आहे. मी शिपायाला सांगतो, ‘वहीत जो आकडा असेल त्या क्रमांकाचे पुस्तक आणा.’ शिपाई उत्साही. परवानगी येईपर्यंत वेळ का दवडा म्हणून तो वही पाहून पुस्तक टेबलापाशी आणून ठेवतो. तेवढ्यात नकार येतो, आणि मला काहीच मिळत नाही. मग मी निमूटपणे एकेक क्रमांकाचे पुस्तक मागू लागतो. इतरांना वेळ लागतो. सदतिसावे मात्र तत्क्षणी हाती येते. वहीतला आकडा मला कळला! प्रक्रियकही असाच घाई करतो. निषिद्ध खण वाचून तो पुढचे काम उरकून ठेवतो आणि मागाहून ते रद्द करतो. परंतु जवळच्या जलद साठ्यात जे आणले ते तसेच राहते, आणि ते वेळ मोजून ओळखता येते. ह्या युक्तीने सेकंदाला सुमारे पाचशे किलोबाइटपर्यंत मजकूर वाचता येतो, असे संशोधकांनी दाखविले. ग्रूस ह्यांनी स्वतःच्याच संगणकावर प्रयोग केला, तेव्हा आपल्याच ब्राउझरमधील खाजगी पत्ते पडद्यावर उतरताना पाहून ते हादरून गेले.

पण शेजाऱ्याचे घर कारभाऱ्याच्या वहीत कसे सापडले? येथे १९६० च्या दशकातील ती दोन दालने आठवावीत. पुढच्या काळात वेग वाढावा म्हणून कारभाऱ्याचे सारे दालन प्रत्येक भाडेकरूच्या कोष्टकातच नोंदून ठेवण्याची रीत पडली होती, नुसते ‘प्रवेश बंद’ असे लिहून. लिनक्ससारख्या पद्धतीत तर यंत्राची सबंध स्मृती, म्हणजे सर्वांचीच घरे, ह्या दालनातून दिसत. कारभाऱ्याला हाक मारताच तो दारात हजर व्हावा, कोष्टक बदलण्याचा वेळ वाचावा, एवढाच हेतू.

उपाय ग्राझच्याच मंडळींनी २०१७ साली, आणखी एका किरकोळ दुखण्यासाठी म्हणून, सुचवून ठेवला होता. तो आयताच उपयोगी पडला. कारभाऱ्याचे दालन भाडेकरूच्या कोष्टकातून जवळजवळ सबंध काढून टाकले. तेव्हापासून अशा यंत्रांवर कारभाऱ्याला हाक मारली की कोष्टक बदलते, काम झाले की पुन्हा बदलते, आणि ज्या आज्ञावल्या त्याला वारंवार हाक मारतात त्या पूर्वीपेक्षा थोड्या मंद चालतात.