पहिल्या वाहनाची निवड : धाराशिव जिल्ह्यातील रस्ता आणि विजेवर चालणारे एकचाकी वाहन

मनुष्याने स्वतःसाठी पहिले वाहन कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ बाजाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास असे दिसून येते की वाहनाची निवड कधीही एकट्या खरेदीदाराच्या हाती नसते. रस्ता, दुरुस्तीची सोय, चालवण्यास शिकण्याची संधी आणि राज्याचा कायदा या चार गोष्टी त्या निवडीची चौकट आधीच ठरवून ठेवतात. गेल्या काही वर्षांत जगातील मोठ्या शहरांतून विजेवर चालणारे एकचाकी वाहन, ज्यास सामान्यतः इलेक्ट्रिक युनिसायकल म्हणतात, ते कचेरीत जाण्यायेण्यासाठी व विरंगुळ्यासाठी वापरले जाऊ लागले आहे. असे वाहन धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या तरुणाने आपले पहिले वाहन म्हणून निवडावे काय, याचे उत्तर शोधताना या जिल्ह्याच्या दळणवळणाचा इतिहास फार उपयोगी पडतो. त्या दृष्टीने प्रस्तुत निबंधात या इतिहासाची उजळणी केली आहे.

धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसलेला आहे. पठारावरील काळी जमीन पावसाळ्यात चिखलाची होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे बैलगाडीस आठ महिने मोकळी असलेली वाट उरलेले चार महिने जवळजवळ बंद होत असे. १८५३ च्या तहान्वये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला व १८६० साली तो परत करण्यात आला. मधल्या काळात नळदुर्ग येथे राहून कारभार पाहणारे मेडोज टेलर यांनी रस्ते व तलाव यांच्या कामांकडे लक्ष दिल्याचे त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते. जिल्ह्याचे मुख्य ठाणे पुढे नळदुर्गाहून धाराशिवास आले आणि त्या गावास उस्मानाबाद हे नाव मिळाले. धाराशिव हे जुने नाव २०२३ साली अधिकृतपणे पुन्हा रूढ झाले.

आगगाडीने या जिल्ह्याला स्पर्श केला, पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र दीर्घकाळ दूरच ठेवले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची लहान लोहवाट १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली व १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. ती येडशीवरून जात होती. धाराशिवच्या उतारूस येडशीला उतरून उरलेली वाट टांग्याने किंवा बैलगाडीने काटावी लागे. ही उणीव पुढे जवळजवळ एक शतक टिकली. रुंद लोहमार्गाचे काम होऊन २००८ पर्यंत धाराशिव शहर थेट आगगाडीस जोडले गेले, तेव्हाच ती दूर झाली. निजामी राज्यात सरकारी मोटारवाहतूक जून १९३२ मध्ये २७ गाड्या व १६६ नोकर यांच्या साहाय्याने सुरू झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर पुढे एसटी ही खेड्यापाड्यांची मुख्य आधारवाहिनी बनली. परंतु आगगाडी असो वा एसटी, दोन्हींची मर्यादा एकच होती. ती माणसाला स्थानकापर्यंत आणीत होती, दारापर्यंत नव्हे. स्थानक आणि दार यांच्यामधील हे अंतर ज्या वाहनाने भरून काढले ते वाहन म्हणजे सायकल.

सायकलीच्या प्रसाराचा मराठी मुलखातील सर्वांत बोधप्रद दाखला बेळगावचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाचे काम करीत असतानाच आपले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मानला जातो. त्याच वर्षी डनलॉप यांनी हवेची धाव प्रचारात आणली आणि त्याआधी तीन वर्षे, म्हणजे १८८५ साली, स्टार्ले यांची दोन सारख्या चाकांची सुरक्षित सायकल तयार झाली होती. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की बेळगावचे हे दुकान केवळ सायकल विकत नव्हते. गिऱ्हाइकास ती चालवण्यास शिकवणे आणि बिघडल्यास दुरुस्त करून देणे, हाही त्या व्यवसायाचाच भाग होता. नवे वाहन विकणाऱ्यावर ते शिकवण्याची व जिवंत ठेवण्याची जबाबदारी येते, हे तत्त्व तेथे आपोआप सिद्ध झाले. दुरुस्तीतून यंत्रज्ञान अंगवळणी पडले, त्यातून कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निघाले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात देशात सायकलींचे मोठे कारखाने निघाले. सोनीपत येथे ॲटलस, मद्रास येथे टी. आय. सायकल्स, आसनसोल येथे सेन-रॅले आणि लुधियाना येथे हीरो या कंपन्यांनी १९५० नंतरच्या दशकात सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. तथापि सायकल खेड्यात रुजली ती केवळ किंमत उतरल्यामुळे नव्हे. तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी शिकता येत असे. लहान मुले मधल्या नळीखालून पाय घालून मोठ्यांची सायकल चालवीत. बाभळीचा काटा रुतून पंक्चर झाली तर ती काढणारा प्रत्येक चौकात बसलेला असे आणि तो नसला तर सायकल हाताने ढकलीत घरी नेता येत असे. बिघाड झाला तरी सायकल स्वाराला पाडत नव्हती, ती फक्त थांबत होती. या साध्या गुणाचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

सायकलीनंतरची पायरी इंजिनाची. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सी.सी.ची लूना बाजारात आणली; बजाजची चेतक स्कूटरही त्याच वर्षीची. परवानापद्धतीच्या त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून शिक्षक, कारकून, दूधवाला व किरकोळ व्यापारी यांच्यासाठी लूना हे खऱ्या अर्थाने पहिले यांत्रिक वाहन ठरले. तिला पायडल होते. तेल संपले तर ती सायकलीसारखी चालवता येई. म्हणजे नव्या वाहनाने जुन्या वाहनाचा आधार सोडला नव्हता. विजेच्या दुचाकीनेही हाच क्रम पाळला. बजाज कंपनीने २०१९ साली चेतक हे नाव विजेच्या स्कूटरला दिले आणि २०२४ साली लूनाही विजेवर चालू लागली. २०१५ पासून केंद्र सरकारच्या फेम योजनेने अशा वाहनांस आर्थिक साहाय्य दिले. ग्राहकाने ओळखीच्या नावावर, ओळखीच्या आकारावर आणि ओळखीच्या दुकानावर विश्वास ठेवून नवी शक्ती स्वीकारली, असे या इतिहासावरून म्हणता येते.

एकचाकी विद्युत् वाहन मात्र या परंपरेतून आलेले नाही. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. डीन केमन यांचे सेगवे हे स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे दुचाकी यंत्र डिसेंबर २००१ मध्ये लोकांपुढे आले. त्याचे उत्पादन २०२० साली थांबले. त्याच तत्त्वावर शेन चेन यांनी सोलोव्हील हे एका चाकाचे, बसावयास आसन नसलेले वाहन २०११ साली बाजारात आणले. त्यानंतर किंगसाँग, इनमोशन, बेगोडे आदी चिनी कंपन्यांनी या प्रकाराचा विस्तार केला. चाकाच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवण्याच्या पट्ट्या, चाकाच्या आसातच मोटर, वर बॅटरी व कल ओळखणारे संवेदक अशी त्याची रचना असते. स्वार पुढे झुकला की यंत्र पडू पाहते; संवेदक तो कल ओळखतात आणि मोटर चाकाला वेग देऊन ते स्वाराच्या खाली आणते. मागे झुकणे म्हणजे ब्रेक लावणे. डावीउजवीकडील तोल मात्र सायकलीप्रमाणेच स्वाराने सांभाळावयाचा असतो.

या रचनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सायकलीत किंवा स्कूटरमध्ये मोटर दुर्बल असेल तर गाडी हळू चालते. एकचाकीत मोटरची शक्ती केवळ गतीसाठी खर्च होत नाही, ती स्वाराला उभे ठेवण्यासाठीही लागते. मोटर मर्यादेपर्यंत पोहोचली की यंत्र प्रथम आवाज करून व पाय ठेवण्याच्या पट्ट्या मागे कलवून सूचना देते. ती सूचना न मानल्यास किंवा अचानक खड्डा आल्यास तोल राखण्यास शक्ती उरत नाही आणि स्वार तोंडघशी पडतो. म्हणून या वाहनात शिल्लक शक्ती ही चैन नसून सुरक्षिततेची अट आहे.

ढोबळ गणिताने हे अधिक स्पष्ट होईल. ८० किलो वजनाचा स्वार व १५ किलोचे यंत्र मिळून ९५ किलो भार सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने नेण्यास सुमारे १६५ वॅट शक्ती लागते. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आला तर त्याच वेगासाठी आणखी सुमारे २६० वॅट लागतात. म्हणजे सपाटीवर पुरेशी वाटणारी मोटर घाटात अपुरी पडते. बॅटरीचाही हिशोब असाच मांडता येतो. किलोमीटरला २० वॅट-तास खर्च धरल्यास ५०० वॅट-तासांची बॅटरी २५ किलोमीटर पुरते. धाराशिव ते तुळजापूर हे अंतर सुमारे २२ किलोमीटर असून वाट डोंगराळ आहे. प्रत्येक १०० मीटर चढाईस वरील भारासाठी किमान २६ वॅट-तास जादा लागतात. तेव्हा अशी बॅटरी घेऊन निघालेला स्वार तुळजापुरास कसाबसा पोहोचेल, परंतु भारित केल्यावाचून परतणार नाही. उलट धाराशिव शहरात घर ते कचेरी असा रोजचा चारपाच किलोमीटरचा फेरा त्याच बॅटरीवर अनेक दिवस सहज होईल. निर्मात्याने छापलेले अंतर हलक्या स्वाराचे, सपाट रस्त्याचे व मंद गतीचे असते, हे येथे विसरता येत नाही.

आता कायद्याकडे वळता येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये विजेवर चालणाऱ्या ज्या वाहनाच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, त्यास विहित अटींवर मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट मिळते. मात्र या मर्यादा पाळल्याचे मान्य चाचणीसंस्थेने प्रमाणित करावे लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था होय. ही सूट सायकलीसारख्या वाहनांस डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे आणि त्या वाहनांच्या बाबतीत ती योग्यही आहे, कारण तेथे कमी शक्ती म्हणजे कमी धोका. एकचाकीच्या बाबतीत हे समीकरण उलटे होते. कायद्याच्या सवलतीत बसणारी मोटर स्वाराला चढावर सुरक्षित उभे ठेवू शकत नाही. सुरक्षित ठेवू शकणारी मोटर सवलतीबाहेर जाते आणि मग नोंदणी, विमा व परवाना यांचा प्रश्न उपस्थित होतो. नोंदणीची पाटी, आरसे, दिवे यांची योजना ज्या आकृतीस गृहीत धरून झाली ती आकृतीच या यंत्राला नाही. परिणामी विकत घेणे सोपे आणि सार्वजनिक रस्त्यावर निर्वेधपणे वापरणे कठीण, अशी विसंगती निर्माण होते. अपघात झाल्यास तिचा भार शेवटी स्वारावर व ज्याला धक्का लागला त्या पादचाऱ्यावर पडतो. आश्विन पौर्णिमेस सोलापूरहून तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ता भरून जातो. अशा रस्त्यावर विमा नसलेले, क्षणात तोल गमावणारे यंत्र आणणे हा केवळ स्वाराच्या धाडसाचा प्रश्न राहत नाही.

तरीही या वाहनाचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. ते पेट्रोल जाळीत नाही, आवाज करीत नाही, उचलून जिन्यावर वा आगगाडीच्या डब्यात नेता येते. स्थानक व घर यांमधील जे अंतर येडशीच्या उतारूस टांग्याने काटावे लागे, नेमके तेच अंतर हे यंत्र तत्त्वतः उत्तम रीतीने भरून काढू शकते. विस्तीर्ण खाजगी आवार, कारखान्याचे अंगण, मैदान अशा ठिकाणी त्याचा उपयोग निश्चित आहे.

म्हणून पहिले एकचाकी वाहन निवडू पाहणाऱ्याने इतिहासाने शिकवलेल्या क्रमानेच विचार करणे इष्ट ठरते. प्रथम कायदा पाहावा, म्हणजे ते कोठे चालवता येईल हे कळेल. मग दुरुस्ती पाहावी : धाव, नळी, बॅटरी व नियंत्रक बदलून देणारा मनुष्य आवाक्यात आहे काय? नंतर रस्ता पाहावा. खड्डे व गतिरोधक असलेल्या रस्त्यावर चौदा इंचांच्या चाकापेक्षा सोळा किंवा अठरा इंचांचे चाक अधिक भरवशाचे, पण ते वजनाने जड. शिकण्यासाठी भिंतीचा किंवा सोबत्याचा आधार घेऊन काही दिवस मोकळ्या जागी सराव करावा. शिरस्त्राण, मनगटपट्ट्या व गुडघेपट्ट्या पहिल्या दिवसापासून वापराव्यात. वेग व अंतर यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा असतो.

बेळगावच्या दुकानात सायकल घेणाऱ्यास सायकलीबरोबर शिक्षक व कारागीरही मिळत होता. लूना घेणाऱ्यास पायडलचा आधार मिळाला. एकचाकी विद्युत् वाहनास या जिल्ह्यात असा शिक्षक, असा कारागीर आणि त्याच्या स्वभावास अनुरूप असा नियम मिळेल, त्या दिवशी ते कुतूहलाच्या वस्तूतून वाहनात रूपांतरित होईल. तोपर्यंत धाराशिवच्या रस्त्यावर पहिल्या वाहनाचा मान दोन चाकांकडेच राहणे स्वाभाविक आहे. आणि यात नवतेचा द्वेष नसून, जे थांबते पण पाडत नाही त्यावर पिढ्यानपिढ्या ठेवलेल्या विश्वासाचा विवेक आहे.