जबलपूरचे पहिले वीरबाला पथक

मुलांनी घर सोडून चार दिवस रानात राहावे, आपला तंबू आपणच उभारावा, आपले अन्न आपणच शिजवावे आणि रात्री शेकोटीभोवती बसून दिवसाची उजळणी करावी, ही गोष्ट आज शालेय जीवनाचे एक साधे अंग वाटते. आपल्या देशातील तिचा इतिहास मात्र तितका साधा नाही. त्याचे एक महत्त्वाचे पान जबलपूर येथे लिहिले गेले.

या प्रथेचा उगम इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल हे सेनाधिकारी वीसएक मुलांना घेऊन तेथे आठवडाभर तंबूंत राहिले. श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कामकऱ्यांची मुले त्यांनी हेतुपुरस्सर एकत्र आणली होती. लहान तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीला तिच्यातलाच नायक दिला होता. गाठी मारणे, माग काढणे, जखमीस प्रथमोपचार करणे हे सारे मुले अनुभवातून शिकली. एका तंबूत राहणाऱ्यांत उच्चनीच भाव उरू नये, हे या प्रयोगाचे मर्म होते.

१९०९ मध्ये कॅप्टन बेकर यांनी बंगळूरला भारतातील पहिले बालवीर पथक काढले. पुढील दोन वर्षांत खडकी, लोणावळे, सिमला, मद्रास आणि जबलपूर येथे पथके निघाली. ही नावे बव्हंशी लष्करी छावण्यांची आणि रेल्वेच्या गावांची आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरातच पूर्ण झाला होता. पुढे तेथे तोफगाड्यांचा कारखानाही आला. नर्मदाकाठी, भेडाघाट आणि मदनमहालाच्या परिसरात वसलेल्या या गावात १९११ मध्ये देशातील पहिले वीरबाला पथक स्थापन झाले. इंग्लंडात मुलींची स्वतंत्र संघटना निघून तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते.

परंतु या पथकांत प्रवेश होता तो केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींना. ब्राउनसीवर जो भेद मुद्दाम पुसला गेला, तोच भेद येथे नियम होऊन बसला. माग काढण्यास शिकलेली भारतीय मुले उद्या क्रांतिकारक होतील, ही शंकाही राज्यकर्त्यांच्या मनात होती.

दार उघडत नाही, तेव्हा भारतीयांनी स्वतःचे तंबू उभारले. १९१३ मध्ये श्रीराम वाजपेयी यांनी शहाजहानपुरास भारतीय मुलांचे पथक काढले. पंडित मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी त्या कार्याला सेवा समितीचे अधिष्ठान दिले. मद्रासेत ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी बालवीरांच्या डोक्यावर हॅटऐवजी फेटा चढविला. जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्याच्या राजधानीत, नागपुरात, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी या कार्याला आधार दिला. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बऱ्याच संघटना एकत्र आल्या. सेवा समिती मात्र अलग राहिली. संपूर्ण ऐक्य घडले ते स्वातंत्र्यानंतर : ७ नोव्हेंबर १९५० रोजी बालवीरांच्या संघटना एक झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी वीरबालाही त्यांत सामील झाल्या. जबलपूरच्या पथकाला तेव्हा ४० वर्षे झाली होती.

कापडाच्या तंबूला कुलूप लावता येत नाही. तरीही तो सर्वांना खुला होण्यास इतका काळ लागला. म्हणून कोणत्याही शालेय शिबिराचे मोल ठरविताना मुले तेथे काय शिकली एवढेच पाहून भागत नाही. कोणती मुले घरीच राहिली, हेही पाहावे लागते.